बिघाड शोधणाऱ्यांचा इतिहास

यंत्रांचा जो इतिहास आपण वर्गात शिकवतो तो बहुधा शोधांचा इतिहास असतो. यंत्र कुणी शोधले, कोणत्या साली शोधले, त्यामुळे उत्पादन किती वाढले, हे पाठ्यपुस्तकात सापडते. ते यंत्र बंद पडले तेव्हा काय झाले, हे मात्र सापडत नाही. वास्तविक प्रत्येक यंत्र कधी ना कधी बंद पडतेच. मग मल्टिमीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुणीतरी त्याच्यासमोर बसतो. या माणसाचे नाव इतिहासात येत नाही.

कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रांचा इतिहास या माणसाच्या बाजूने वाचला तर एक वेगळीच गोष्ट दिसते. प्रत्येक पिढीच्या यंत्राला आपण एकच प्रश्न विचारू या: यात बिघाड झाला तर तो कुणाला आणि कशाने कळतो? हा प्रश्न ज्यांनी यंत्र बनवण्याच्या आधी विचारला, त्यांची यंत्रे टिकली. ज्यांनी विचारला नाही, त्यांच्या यंत्रांची किंमत दुसऱ्या कुणालातरी मोजावी लागली.

कानाने ऐकू येणारा बिघाड

सुरुवात रिलेपासून करू. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, थोडी विद्युतधारा गेली की लोखंडाची पट्टी ओढली जाते आणि दुसऱ्या, मोठ्या धारेचे परिपथ जोडले किंवा तोडले जाते. जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास हे तत्त्व वापरून दाखवले आणि तारायंत्राने ते जगभर नेले.

अनेक रिले एकमेकांना जोडले की 'हे आणि ते दोन्ही झाले तरच पुढचे काम सुरू कर' अशा अटी तारांमध्ये बांधता येतात. या जोडण्या म्हणजे तर्कशास्त्राचे बीजगणितच आहे, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये एमआयटी या संस्थेला सादर केलेल्या प्रबंधात सिद्ध केले. पण कारखान्यातल्या वायरमनला हे बीजगणित शिकावे लागले नाही. तो 'लॅडर' आकृती वाचत असे. दोन उभ्या रेषा म्हणजे विजेच्या दोन मुख्य तारा. त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा. प्रत्येक पायरीवर डावीकडे अटी, म्हणजे स्विच आणि रिलेचे काँटॅक्ट. उजवीकडे परिणाम, म्हणजे कॉइल किंवा दिवा. डावीकडून उजवीकडे वाट सलग जोडलेली असेल तर काम होणार, मध्ये तुटली असेल तर नाही.

फोर्ड कंपनीने १९४७ साली 'ऑटोमेशन'साठी स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा मोटारींच्या कारखान्यांतले स्वयंचलन अशाच रिलेंवर उभे होते. एकेका उत्पादन साखळीमागे रिलेंनी भरलेली लोखंडी कपाटे असत. या कपाटांतला बिघाड इंद्रियांना कळत असे. रिले ओढला गेला की 'टक्' असा आवाज येतो; तो आला नाही तर कॉइल किंवा तिच्याकडे येणारी तार तपासायची. जळलेल्या कॉइलचा वास येतो. काजळी धरलेले काँटॅक्ट डोळ्यांना दिसतात. १९४७ सालच्या ९ सप्टेंबरला अमेरिकेत हार्वर्ड मार्क-२ या रिलेंच्या संगणकात अडकून मेलेला एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला, हा किस्सा आपल्याला ठाऊक असेल. बिघाडाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याच्याही कितीतरी आधीची आहे. पण बिघाड चिमट्याने उचलून वहीत चिकटवता येत होता, तो काळ कसा होता याची त्यावरून कल्पना येते.

मात्र रिलेंना हलणारे भाग असतात, आणि हलणारी गोष्ट झिजते. हजारो काँटॅक्टपैकी एक नीट टेकला नाही तरी सगळी साखळी थांबते. बिघाड दिसू शकत होता हे खरे, पण तो नेमका कोणत्या कपाटात आहे हे शोधण्यात पाळीच्या पाळी जात असे. शिवाय मोटारीचे नवे मॉडेल आले की कपाटांतल्या तारा नव्याने जोडाव्या लागत. पुष्कळदा जुनी कपाटे सरळ भंगारात काढणेच स्वस्त पडे.

१९६८ ची अटींची यादी

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागात मोटारींचे गिअरबॉक्स बनत. या विभागाने १९६८ साली रिलेंच्या जागी येऊ शकेल अशा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकासाठी अटींची एक यादी काढली. शिक्षकांनी ही यादी मुद्दाम पाहावी अशी आहे. नियंत्रकाचा वेग किती हवा, तो किती हुशार हवा, यावर तिचा भर नव्हता. कारखान्यातच आज्ञावली भरता आणि बदलता आली पाहिजे. देखभाल आणि दुरुस्ती सोपी हवी, शक्यतो खोबणीत बसवता-काढता येणाऱ्या भागांची. कारखान्याच्या वातावरणात तो रिलेंच्या कपाटापेक्षा भरवशाचा हवा. आकाराने लहान हवा. त्याला थेट ११५ व्होल्टची वीज जोडता आली पाहिजे. या अटी लिहिताना देखभाल विभागाची रोजची कटकट डोळ्यांसमोर होती, हे उघड आहे.

मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या लहानशा कंपनीत रिचर्ड मॉर्ले आणि त्यांचे सहकारी याच सुमारास अशा नियंत्रकाचा विचार करत होते. त्यांचे यंत्र १९६९ मध्ये जनरल मोटर्सला मिळाले. कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून नाव '०८४'. 'मॉड्युलर डिजिटल कंट्रोलर' या शब्दांवरून 'मॉडिकॉन' हे नाव पडले. पुढे 'प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर', म्हणजेच पीएलसी, या नावाने जो प्रकार जगभर गेला त्याची ही सुरुवात. या पेटीला पंखा नव्हता. पंखा बाहेरची हवा आत ओढतो आणि हवेबरोबर तेलाचा धूर आणि लोखंडाची धूळही येते. म्हणून पेटी बंद, आणि उष्णता तिच्या धातूच्या भिंतींतून बाहेर.

खरी हुशारी मात्र भाषेत होती. हे यंत्र लॅडर आकृतीच समजून घेत असे! वायरमन वर्षानुवर्षे जी शिडी वाचत आला होता, तीच आता आज्ञावली झाली. त्याच वेळी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या नामवंत संगणक कंपनीने पीडीपी-१४ हा नियंत्रक पुढे आणला होता. त्यात अटी बीजगणिताच्या समीकरणांनी लिहायच्या होत्या आणि तयार आज्ञावली स्मृतीतल्या तारांच्या विणीत कायमची ओवली जाई. बदल करायचा तर नवी वीण करून आणायची. तांत्रिकदृष्ट्या त्यात कमीपणा काही नव्हता, पण रात्रपाळीच्या वायरमनला त्यात हात घालता येत नव्हता. बाजारात मॉडिकॉनची पद्धत टिकली. १९९३ मध्ये या नियंत्रकांच्या भाषांचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यात लॅडर होतीच, आणि ती आजही वापरात आहे. पहिल्या ०८४ यंत्रांपैकी एक जवळजवळ वीस वर्षे अखंड चालले. निवृत्त केल्यावर जनरल मोटर्सने ते त्याच्या निर्मात्यांना भेट म्हणून परत दिले.

पुढच्या काळातल्या पीएलसींमध्ये प्रत्येक जोडणीसाठी एक छोटा दिवा बसवलेला असे, आणि पडद्यावर शिडीची कोणती पायरी 'जिवंत' आहे हे उजळून दिसे. रिलेचा आवाज गेला, पण त्याची जागा दिव्याने घेतली.

काढलेले कार्ड जाते कुठे?

'खोबणीतून काढा, दुसरे बसवा' या पद्धतीने कारखान्याचा वेळ वाचला. बंद साखळीच्या एका तासाच्या नुकसानीपुढे एका कार्डाची किंमत काहीच नसे. पण काढलेल्या बिघडलेल्या कार्डाचे काय करायचे? ते एकतर निर्मात्या कंपनीकडे परत जाई, किंवा कपाटात साठे, किंवा ते दुरुस्त करून देणाऱ्या स्वतंत्र माणसाकडे जाई. औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीचा स्वतंत्र धंदा या तिसऱ्या वाटेवर उभा राहिला.

या माणसाचे काम वायरमनपेक्षा अवघड होते. १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत कारखान्यांच्या कार्डांवर मायक्रोप्रोसेसर दिसू लागले. आता एकाच तारेवरून सेकंदाला लाखो वेळा शून्य आणि एक असे संकेत धावत होते. मल्टिमीटर त्याची नुसती सरासरी दाखवी. ऑसिलोस्कोपवर ठिपक्यांची गर्दी दिसे, पण ती बरोबर आहे की चूक हे डोळ्यांना कळणे शक्य नव्हते. बिघाड समोर असूनही अदृश्य झाला होता.

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९७७ मध्ये आणलेले ५००४ए हे उपकरण या अडचणीवरचा एक सुंदर उपाय होता. कार्डाला ठरावीक चाचणी आज्ञावली चालवायला लावायची आणि एका बिंदूवरून जाणारी शून्य-एकची सगळी माळ या उपकरणात सोडायची. उपकरण त्या माळेला १६ बिटांत घोटून चार अक्षरी 'सही' दाखवी. निर्मात्याने सुस्थितीतल्या कार्डाच्या सह्या आकृतीवर बिंदूबिंदूपाशी छापून द्यायच्या, दुरुस्ती करणाऱ्याने त्या ताडून पाहायच्या. जिथे आत येणाऱ्या सह्या बरोबर आणि बाहेर पडणारी चूक, तो भाग दोषी. १६ बिटांच्या २१६ नव्हे, तर २ चा १६ वा घात म्हणजे ६५,५३६ सह्या होतात. म्हणून चुकीच्या माळेची सही योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता साधारण ६५ हजारांत एक. आतली आज्ञावली न समजताही माणूस दोषापर्यंत पोचू शके. अट एकच: निर्मात्याने त्या सह्या छापून दिल्या पाहिजेत.

आकृतीशिवाय दुरुस्ती

पुष्कळदा निर्माते काहीच देत नसत. यंत्रासोबत चालवण्याचे पुस्तक येई, कार्डाची परिपथ-आकृती येत नसे. काही कार्डांवरच्या चिपचे क्रमांक खरवडून काढलेले असत, काही कार्डे राळेत बुडवलेली असत. अशा वेळी दुरुस्तीवाल्यांनी एक पद्धत वापरली. तिच्यामागचे भौतिकशास्त्र आपल्या प्रयोगशाळेतही दाखवता येईल.

६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा प्रत्यावर्ती दाब १ किलोओहम रोधामार्गे तपासायच्या सुट्या घटकाला द्यायचा. ऑसिलोस्कोपच्या आडव्या अक्षावर घटकावरचे विभवांतर घ्यायचे आणि उभ्या अक्षावर रोधावरचे विभवांतर, म्हणजेच धारा. घटक रोध असेल तर तिरकी सरळ रेषा दिसते. धारित्र असेल तर लंबवर्तुळ, डायोड असेल तर कोपरात वाकलेल्या हातासारखी रेषा. परिपथ तुटलेले असेल तर आडवी रेषा, दोन टोके थेट जोडली गेली असतील तर उभी. ओहमचा नियम, धारित्रातला कलांतर आणि डायोडची एकदिशा, तिन्ही एका पडद्यावर! दुरुस्तीवाला चांगले कार्ड शेजारी ठेवतो आणि दोन्हींवरच्या त्याच बिंदूंच्या आकृत्या ताडतो. कार्डाला स्वतःची वीज द्यावी लागत नाही, त्यामुळे आणखी काही जळण्याची भीती कमी असते.

अशा तपासण्यांतून बिघाडाचे नेहमीचे गुन्हेगारही लक्षात आले. पहिला म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्यात द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. अशा कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांनी जवळजवळ निम्मे होते, हा ठोकताळा अऱ्हेनियस यांच्या रासायनिक अभिक्रियांच्या नियमातून येतो. १०५ अंश सेल्सियसला २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकेल, आणि ५५ अंशांना ६४,००० तास. तीन पाळ्या चालणाऱ्या कारखान्यात पहिला आकडा म्हणजे सुमारे साडेतीन वर्षे, दुसरा सात वर्षांहून थोडा अधिक. कपाटाची धुळीने भरलेली जाळी साफ केली आणि तापमान १० अंशांनी उतरले, तर यंत्राला काही वर्षे बहाल होतात!

दुसरा गुन्हेगार म्हणजे बॅटरी. आरंभीच्या नियंत्रकांत आज्ञावली चुंबकीय कड्यांच्या स्मृतीत असे आणि वीज गेली तरी टिके. पुढे स्वस्त अर्धवाहक स्मृती आली. तिला वीज नसताना बॅटरीचा आधार लागतो. नाण्याएवढी बॅटरी संपली आणि त्याच वेळी वीज गेली की यंत्र सगळे विसरते. यात कुठलाही भाग जळलेला नसतो. हरवलेले असते ते ज्ञान, आणि त्याची छापील प्रत कुणी ठेवली नसेल तर ते परत आणणे कठीणच.

स्वतः बोलणारा दोष

याउलट, काही रचनांत बिघाड स्वतःच बोलतो. कारखान्यांत तापमान, दाब यांची मापे दूर पाठवण्यासाठी ४ ते २० मिलिअँपिअर धारेची पद्धत रूढ आहे. शून्यापासून का नाही, असा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. समजा भट्टीचे ० ते १०० अंश तापमान ० ते २० मिलिअँपिअरने दाखवले. तार तुटली की धारा शून्य. नियंत्रकाला वाटेल भट्टी ० अंशावर आहे, आणि तो तापवत राहील! सुरुवात ४ पासून केली की ० अंशालाही धारा वाहते. धारा शून्य झाली याचा अर्थ एकच, तार तुटली. त्याआधीच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या नियंत्रणात याच कारणासाठी ३ ते १५ पीएसआय हा पल्ला होता. यंत्राचे 'बंद' बटणही सामान्य स्थितीत जोडलेले असते ते यासाठीच, म्हणजे तार तुटली तर यंत्र थांबते. दोष कळावा ही सोय आधीच विचार करून करता येते, त्याची ही उदाहरणे.

आपल्याकडे

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, नाशिक, वाळूज अशा वसाहती उभ्या राहिल्या. १९९१ पूर्वी परदेशी यंत्राचा सुटा भाग मागवायचा तर आयात परवाना आणि परकीय चलन या दोन्हींची वाट पाहावी लागे. कार्ड बदलणे हा श्रीमंतांचा मार्ग होता. इथे कार्ड दुरुस्त करावेच लागे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातला पासोड्या विठोबाचा परिसर इथल्या दुकानांतून ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, चिप यांचे पर्याय शोधले जात. १९९१ नंतर आयात सोपी झाली, तशी परदेशांतून वापरलेली यंत्रेही येऊ लागली. त्यांतल्या कितीतरी यंत्रांच्या नियंत्रकांचे उत्पादन मूळ कंपनीने केव्हाच थांबवलेले असे. लोखंडी सांगाडा आणखी वीस वर्षे चालेल असा, आणि अडले कशावर, तर तळहाताएवढ्या कार्डावर. लहान उद्योजकाच्या दृष्टीने ते कार्ड दुरुस्त होणे म्हणजे कामगारांचा रोजगार टिकणे असे.

आता ही वाट अरुंद होत आहे. कार्डांचे अनेक थर झाले, घटक बाजरीच्या दाण्याएवढे झाले. आज्ञावलीला परवलीचा शब्द लावलेला असतो. निर्मात्यांच्या बाजूनेही काही रास्त कारणे आहेत: नक्कल होण्याची भीती, चुकीच्या दुरुस्तीतून अपघात होण्याचा धोका, आणि नवी यंत्रे मुळात कमी बिघडतात हेही खरे. नवी यंत्रे पडद्यावर दोषाचा क्रमांक दाखवतात. पण निर्मात्याने आधी कल्पना केलेले दोषच त्या यादीत असतात. त्यापलीकडचा बिघाड आला की माणूसच लागतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे घेतली. कारखान्यांच्या नियंत्रकांचे स्वतंत्र क्षेत्र त्यात नव्हते.

वर्गासाठी

शिक्षकांनी या इतिहासातून काय घ्यावे? बिघाड शोधणे ही वैज्ञानिक पद्धतीची उत्तम तालीम आहे. तर्क करायचा, तो खोटा ठरवू शकेल अशी चाचणी निवडायची, निकाल मान्य करायचा. एकामागोमाग जोडलेले १६ टप्पे आहेत आणि शेवटी संकेत येत नाही. पहिल्यापासून एकेक तपासत गेले तर १५ चाचण्याही लागू शकतील. नेमका मधला बिंदू तपासला तर एका चाचणीत निम्मे टप्पे निर्दोष ठरतात. १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २, २ चा १. चार चाचण्यांत काम झाले. बॅटरी, स्विच, दिवा आणि तारांचे काही तुकडे घेऊन हा खेळ आठवीच्या वर्गात खेळता येतो. एका गटाने एक तार गुपचूप तोडायची, दुसऱ्याने ती शोधायची.

खेळ झाल्यावर दोन्ही गटांना आणखी एक काम द्यावे. हेच परिपथ अशा तऱ्हेने पुन्हा जोडा की तार तुटली तर ती कुठे तुटली हे शोधावेच लागणार नाही. १९६८ च्या यादीत देखभालीच्या अटी का होत्या, हे मग मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.